वाऱ्याने न मोडलेल्या छत्र्या

आमच्या गल्लीत एका दुकानात एकच वस्तू मिळते. बटणांच्या दुकानात फक्त बटणं, कुलपांच्या दुकानात फक्त कुलपं, टोपांच्या दुकानात फक्त केसांचे टोप. माझं दुकान ब्रशांचं. बाटली धुवायचा, टाइपरायटर पुसायचा, घोड्याला खरारा करायचा, सगळे ब्रश माझ्याकडे आहेत. डोक्यातली जळमटं काढायचा तेवढा नाही. जुनं शहर बघायला आलेले लोक "किती गंमत!" म्हणतात, फोटो काढतात आणि काहीही न घेता पुढे जातात. पूर्वी मी डाफरायचे. आता नुसती बघते.

गल्लीच्या टोकाला, माझ्या समोरच, छत्री दुरुस्तीचं दुकान आहे. छत्रीच्या काड्या बदलून देतात म्हणून ते काडीमामा. उभ्या जन्मात या माणसाने कुणाच्या काड्या केल्या नाहीत आणि नाव पडलं हे! दुकान कसंबसं दोन माणसांपुरतं. मामा काड्या बसवायचे, मामी कापड शिवायच्या आणि दिवसभर दोघांची बडबड चालायची. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. लेक लांब असते, रविवारी फोन करते. त्यात आता छत्री मोडली की लोक सरळ फेकतात आणि नवी घेतात.

एका शुक्रवारी मी सहज विचारलं, "काय मामा, आवाज का बसलाय?"

"बसला नाही हो ताई," ते खाकरून म्हणाले. "सोमवारपासून वापरला नाही."

मी बटणवाल्याशी बोलले, तो कुलूपवाल्याशी बोलला. असंच चाललं तर मामा दुकान बंद करतील आणि दुकान गेलं की हा माणूस टिकायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या गल्लीत एकमत म्हणजे आक्रीतच. दुसऱ्याच दिवशी बटणवाल्याने घरातली धडधाकट छत्री मोडून मामांकडे नेली. मग मी नेली. मग कुलूपवाल्याने, मग टोपवाल्या वहिनींनी. दोन महिन्यांत अकरा छत्र्या झाल्या. मामा कामात बुडालेले दिसायचे आणि आम्ही आपापल्या दुकानातून स्वतःचीच पाठ थोपटायचो. त्या दोन महिन्यांत आभाळात ढग नव्हता, झाडाचं पान हललं नव्हतं, हे आमच्यापैकी एकाही दीडशहाण्याच्या लक्षात आलं नाही.

बारावी छत्री मी घेऊन गेले, तेव्हा मामांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि मोडक्या काड्या एकेक करून माझ्यासमोर मांडल्या.

"वारा छत्री उलटी करतो, ताई. दोन-तीन काड्या सांध्यापाशी वर वळतात. या सगळ्या मध्येच वाकल्यात. ही बटणवाल्याची. दोन्ही हातांनी वाकवली, भित्रा माणूस, पुरती मोडलीसुद्धा नाही. ही कुलूपवाल्याची, पक्कडीचे दात उमटलेत. आणि ही तुमची. तुम्ही गुडघ्यावर ठेवून मोडता."

मी चोरासारखी उभी राहिले.

"रागावलात का मामा?"

"पहिल्या दिवशी रागावलो होतो. मग म्हटलं, निदान येतात तरी." ते काड्या परत डब्यात टाकू लागले. "पण तुम्ही छत्री ठेवता, 'सावकाश द्या हं' म्हणता आणि पळता. मला एका छत्रीला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ कुणी बसलं असतं, तर मला छत्री नसती तरी चाललं असतं."

मला तिथल्या तिथे रडू आलं आणि त्यांच्यासमोर रडायला नको म्हणून मी तिथूनही पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या हातांनी गेले. मामांनी आधी माझे हात पाहिले, मग लगबगीने समोरच्या स्टुलावरचं कापड उचललं आणि स्टूल बाहीने पुसलं. मी बसले. छत्री नसली की काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनीच सुरुवात केली. लग्नानंतर मामी पहिल्यांदा दुकानात आल्या, त्या दिवशी एका बाईची रेशमी छत्री त्यांच्या हातून फाटली आणि नेमकी ती बाई दारात उभी राहिली. मामा रंगात आले होते, त्या बाईचा तोरा हातवारे करून दाखवत होते. इतक्यात माझ्या दुकानासमोर कुणीतरी थांबलेलं दिसलं.

"जा, जा, गिऱ्हाईक आहे," मामा म्हणाले.

"आलेच हं," म्हणून मी उठले.

तो फोटो काढायला आलेला निघाला. घोड्याच्या ब्रशाशेजारी आपला चेहरा धरून फोटो काढला आणि गेला. मी वळून समोर पाहिलं. काचेआड मामा तसेच बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, हात हवेत फिरत होता. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून ते हसलेसुद्धा.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी दुकानाला कडी घातली, गल्ली ओलांडली आणि स्टुलावर जाऊन बसले.

"मग? काय झालं पुढे?"

मामा दचकले. हात खाली घेतला, हातोडी उचलली, परत ठेवली.

"झालं की सांगून," ते म्हणाले.