शून्य त्रिज्येचं वर्तुळ

आमच्या वारज्याच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गणिताचे निवृत्त प्राध्यापक, आमचे सर, कुठलीही गोष्ट पार संपायला आल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्रिकोण म्हटला की आपण तीन कोपरे काढून मोकळे होतो. सर विचारणार, तिन्ही कोपरे एका रेषेत आले तर? बिंदू म्हणजे त्यांच्या लेखी शून्य त्रिज्येचं वर्तुळ. अशा झिजून नावापुरत्या उरलेल्या आकृतींना गणितात ‘डिजनरेट केस’ म्हणतात, आणि सरांचा सगळा जीव त्यांच्यात. गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेत विषय होता वर्तुळांची नक्षी. कोऱ्या कागदावर एक ठिपका काढून झोपी गेलेल्या चिमुरडीला सरांनी पहिला नंबर दिला. दुसऱ्या नंबरवालीची आई जाब विचारायला आली, तेव्हा म्हणाले, “वहिनी, याहून लहान वर्तुळ काढून दाखवा, बक्षीस आत्ता बदलतो.”

सोसायटीच्या एका सभेला तर अध्यक्ष असलेल्या सरांखेरीज चिटपाखरू फिरकलं नाही. सरांनी वेळेवर सभा सुरू केली, पाण्याच्या टाकीला रंग देण्याचा ठराव रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवला आणि एकमताने मंजूर केला. सेक्रेटरी तणतणत आले, “अहो, सभेला कोणी नव्हतंच!” सर म्हणाले, “मग विरोध करणारा एक तरी दाखवा.” टाकीला रंग लागला.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी गेल्या. दिवाळीत बंगळुरूहून मुलगा आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, “बाबा, एकट्या माणसाचं कसलं आलंय घर? चला आता माझ्याकडे.”

“घराच्या व्याख्येत माणसं किती हवीत, हे कुठे लिहिलंय?” सर म्हणाले. मार्चपर्यंत विचार करा, असं बजावून मुलगा गेला. मी अर्थात सरांच्या बाजूचा. समोरचं दार कायमचं बंद होणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

परवा दुपारी वाटीभर आमटी घेऊन गेलो. दार उघडंच होतं. सर जेवायला बसले होते. ताटात डावीकडे चटणी, लिंबू, उजवीकडे भाजी, सगळं रीतसर. पंगतीला यजमान म्हणतो तसं ते स्वतःलाच म्हणाले, “सावकाश होऊ द्या.” मग मला पाहून ओशाळले.

“एकाची पंगतही पंगतच असते. सगळे नियम लागू पडतात,” ते म्हणाले आणि हातातल्या घासाकडे बघत राहिले. “सिद्धता बरोबर आहे हो. पण घास उतरत नाही. मुलाला कळवतो, येतो म्हणून.”

मी त्यांना थांबा म्हणणार होतो. त्याऐवजी आतून एक ताट घेऊन आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.