सुपारीएवढी गाठ

खिडकीच्या काचेशी धरलेल्या त्या काळसर फिल्ममधून आभाळ दिसत होतं. फाल्गुनातलं, कोल्हापूरचं, धुरकट निळं आभाळ. आणि त्यावर माझ्या थोरल्या भावाची, दादाची, दोन फुप्फुसं अलगद तरंगत होती. पहाटे विजयदुर्गच्या खाडीवर धुकं उतरतं, तेव्हा पैलतीरावरची झाडं अशीच अर्धी असतात, अर्धी नसतात. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला एक पांढुरका ठिपका होता. खरं सांगू? पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला सुंदर वाटला. इतकी शांत, इतकी मंद उजळलेली वस्तू एखाद्याच्या जिवावर कशी उठू शकेल, या विचारात मी किती तरी वेळ ती फिल्म तशीच धरून उभी होते. दादा तेव्हा खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा पीत होता.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधे थोडी फट ठेवली आणि म्हणाल्या, अडीच सेंटीमीटर, साधारण सुपारीएवढी. तीन सेंटीमीटरच्या आत आहे हे आपलं नशीब. पण नुसत्या आकारावर काही ठरत नाही, असंही त्या समजावत राहिल्या. गाठ केवढी आहे, शेजारच्या ग्रंथींमध्ये शिरली आहे का, आणि दूर कुठे, हाडात, यकृतात, मेंदूत जाऊन बसली आहे का, या तिन्हींची उत्तरं जुळवली की मग आजाराचा टप्पा कळतो. दादाच्या बाबतीत ती उत्तरं आजच्या घडीला चांगली होती. पहिला टप्पा, कापून काढता येईल असा. पण हे लवकर करायला हवं, गाठ आपल्यासाठी थांबायची नाही, आणि त्यांना खरं काय ते सांगा, त्यांच्या संमतीशिवाय मी हात लावणार नाही, एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

सुपारीएवढी! देवगडच्या आमच्या घरात हा शब्द किती लाडाचा होता म्हणून सांगू. आंबेवाल्यांच्या घरी वर्ष मोजतात ते कैरीच्या अंगाने. मोहोर गळून फळ धरलं की ती वाटाण्याएवढी होते, मग सुपारीएवढी, मग अंड्याएवढी. आणि प्रत्येक टप्प्याची कामं वेगळी, काळजी वेगळी, घरातल्या बोलण्याचा सूरसुद्धा वेगळा. मान मागे टाकून, डोळे किलकिले करून दादा कलमांखालून फिरत असे आणि घरात शिरता शिरता वर्दी देत असे, “सुपारीएवढी झाली गो.” त्या तीन शब्दांनी आईचा चेहरा उजळायचा. वाढणं ही निर्मळ आनंदाची गोष्ट आहे, असं मनात धरूनच आम्ही भावंडं मोठी झालो. मग त्याच्याच छातीत काहीतरी त्याच मापाचं झालं तर त्या मापाचा धसका का बसावा? चैत्राच्या तोंडावर जे जे जिवंत आहे ते सगळंच वाढत असतं. काजूची बोंडं फुगतात, फणस खोडाला लगटून जाडजूड होतात, समुद्रावरचा वारासुद्धा दुपारनंतर अंगाने भरल्यासारखा वाटतो. त्या पेशींना तेवढं कुठे थांबायचं हे कुणी शिकवलं नसेल का? असल्या विचारांना अर्थ नसतो, पण माणूस घाबरला की मन त्याला असंच भलतीकडे फिरवून आणतं.

परतताना फोंडाघाट उतरून नांदगाव मागे पडलं, तशी हवा दमट झाली. दादा गाडीच्या काचेला डोकं टेकून झोपला होता. विडी सोडून त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी बोटांवरची पिवळट झाक अजून गेली नव्हती. मी त्या बोटांकडे बघत बसले आणि घर येईपर्यंत काय सांगायचं ते ठरवून टाकलं. वैनीला मागच्या पडवीत नेऊन सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “ह्या नाव त्यांच्या कानार पडला तर ते जेवान सोडतले.” तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्या गाठीला दुसरं नाव दिलं. डाग. जुन्या न्यूमोनियाचा राहिलेला डाग, तो एकदा काढून घ्यायचा.

शब्दाने दुखणं लहान करता येतं, असं कोणत्या मायाळू माणसाला वाटत नाही? आपल्याकडे घराघरात हे चालतं. पण लहान केलेल्या दुखण्याशी माणूस लहान दुखण्यासारखाच वागतो, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही. दादाने डाग हा शब्द ऐकला, खोकला आवरला, आणि हसत म्हणाला, “डाग मां? मगे आंबो सोपल्यार बघूया. डागाक काय घाई आसा?”

आंबा सोपायला, म्हणजे संपायला, मे उलटतो. मला तर रात्रंदिवस ती दोन बोटांमधली फट दिसू लागली. मी कणकवलीच्या माझ्या घरून काही ना काही निमित्त काढून देवगडला जात होते, पेटीत पेंढा घालणाऱ्या दादाकडे नुसती बघत बसत होते, आणि न बोलता परत येत होते. खरं सांगितलं तर तो खचेल, नाही सांगितलं तर उशीर होईल. वैनीचं तर सगळंच बदललं होतं. आयुष्यभर मीठ कमी पडण्यापासून माडाच्या झावळांपर्यंत कशाहीवरून नवऱ्याशी कडाकडा भांडणारी ही बाई आता त्याच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवत होती.

शेवटी तिनेच वाट काढली. म्हणाली, “गाऱ्हाणा घालूक व्हया.” मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. म्हणजे देवळात उभं राहून, ज्याचं जे काही असेल ते देवापुढे मांडायचं ते दादानेच. दुसऱ्या कुणाला सांगावं तर गावभर होणार. मग तिने जाऊन त्यालाच सांगितलं, घरातल्या एका माणसासाठी गाऱ्हाणं घाला म्हणून. “नाव काय घेव?” त्याने विचारलं. “देवाक म्हायत आसा,” ती म्हणाली. तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला आणि नारळ सोलायला उठला.

दुपार कलताना आम्ही देवळात गेलो. दगडी खांबांमध्ये गारवा होता, लांबून समुद्राची गाज येत होती, सभामंडपात वाडीतली आठ-दहा माणसं सहज जमली होती. तेलाच्या आणि ओल्या फुलांच्या वासाने मला गुंगल्यासारखं झालं. हे सगळं कुणा दुसऱ्याच्या घरचं आहे, असंही क्षणभर वाटून गेलं. दादाने नारळ ठेवला, हात जोडले आणि त्याच्या त्या खणखणीत, आता थोड्या चिरकलेल्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, घरातल्या माणसाच्या छातीत गाठ झाली आसा, म्हणान आज हो नारळ तुझ्यापुढे ठेवलेलो आसा.”

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी हुंकार द्यायचा असतो. तो न विचार करताच येतो. “व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर मीही म्हणाले. गाठ हा शब्द आम्ही त्याच्यासमोर कधीच उच्चारला नव्हता, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

“त्या माणसाचा नाव कोण घेणा नाय. तो माणूस मीच, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा हुंकार अर्धाच उमटला.

“माझी घरकारीण हल्ली माझ्याशी भांडणा नाय. भयण कणकवलीसून येता आणि नुसती बघीत बसता. तेव्हाच माका समाजला. त्यो दोघी खोटा बोलल्यो, पण मायेन बोलल्यो. ती चूक पदरात घे, म्हाराजा.”

वैनी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि तिची नजर दादाच्या पाठीवरून हलत नव्हती. दादा खोकला आणि पुढे बोलू लागला.

“सोमवारी मी कोल्हापुराक जातंय, कापून घेवक. आंबो काय तो पोरां बघतली. माझा मागणा एकच आसा. मी थंय पोचापर्यंत ती गाठ आसा तेवढीच रवांदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली ती वैनी.