गढूळ बियर आणि बेलभंडार

माझ्या जिभेची ख्याती आमच्या भागात एवढी आहे, की मी लांबून येताना दिसलो तरी कनेरगाव नाक्यावरचे ढाबेवाले फोडणी बदलतात. चहाचा एक घोट घेऊन दूध कोणत्या म्हशीचं आणि आदल्या दिवशी त्या म्हशीचं कुणाशी बिनसलं होतं, हे मी सांगितलेलं आहे. यातलं अर्धं खोटं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणतं अर्धं, यावर मात्र माणसं अजून भांडतात. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात दाजींनी मला परीक्षेला बोलावलं, तेव्हा मी मिशीला पीळ दिला. परीक्षा कशाची आहे हे कळल्यावर तो पीळ आपोआप सुटला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. पुसेगावकडे त्यांची शेती. त्यांची एकुलती एक मुलगी परभणीला अन्नप्रक्रियेचं शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. खाण्यापिण्याच्या वस्तूंची कंपनी आहे, असं तिनं घरी सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त खाण्याचं थोडं होतं आणि पिण्याचं फार. आपली लेक बियर बनवते, हे दाजींना कळलं ते एका लग्नाच्या पंगतीत, हातात घास असताना.

दाजी चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते गप्प झाले. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण त्यांच्याच ओसरीवर बाजेवर बसलेलं असायचं. दाजींचे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. ऐन उमेदीत तात्या एका लग्नात कुणीतरी दिलेली गढूळ दारू प्याले, दुसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "काहून अंधारात बसलात, दिवा लावा की." तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात थेंब शिरला नव्हता.

दाजींनी लेकीला फोनवर एवढंच सांगितलं, "तू करतीस ती घेऊन ये. तुझा मामा पिऊन सांगंल. घरच्या माणसाला द्यावी अशी असंल तर परत जा. नसंल तर तुझं सामान आणाया मीच पुण्याला येतो."

सकाळी नाक्यावर मी तिला उतरवून घेतलं. थर्माकोलचा डबा तिनं तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरला होता. त्यात एक मोठी बाटली होती, आणि एक छोटी, जी तिनं हळूच माझ्या हातात दिली.

"लाच काय गं ही?"

"न्हाई मामा. सरावाला."

ती मी ओल्या गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवली. मग ती म्हणाली, "एक सांगू का? ही गढूळच असते. ओट्समुळं. ओट्स म्हणजे जई. तिच्यानं बियरच्या अंगाला मऊपणा येतो आन् रंग असा धुकट होतो. गढूळ हीच तिची खूण."

"गढूळ," मी म्हणालो. माझी जीभ तिथंच कोरडी पडली. "तुला तात्यांचं ठाऊक हाय ना?"

"म्हणून तर तीच आणली," ती म्हणाली. "स्वच्छ दिसणारी आणून बाबांना फसवायचं नव्हतं."

घरी वीज नव्हती. फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं होतं. बर्फाचं पाणी झालेलं पाहून बहिणीनं मोठी बाटली स्वयंपाकघरात थंड पाण्याच्या रांजणात सोडली आणि आम्हाला जेवायला वाढलं. भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. एरवी पाच भाकरींनी माझं फक्त तोंड उघडतं. त्या दिवशी मी दोनांवर उठलो.

दुपारी ओसरीवर बैठक बसली. मध्ये मी, समोर दाजी, खांबाला टेकून भाची, उंबऱ्यात बहीण, कोपऱ्यात बाजेवर तात्या. मी ग्लासाला हात घालणार तोच दाजी म्हणाले, "थांबा पाव्हणं. तुमच्या तोंडाचा मला भरवसा न्हाई." आणि देव्हाऱ्यातून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा आणून त्यांनी माझ्या डाव्या तळहातावर ठेवला.

बेलभंडार. आमच्याकडं तो हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी पाहिलेला नाही. मी स्वतः तो आयुष्यभर टाळत आलो होतो.

भाचीनं बाटलीचं झाकण उघडलं, ते जरा सैलच निघालं, आणि ग्लास तिरका धरून ओतलं. सोनेरी, आरपार. ग्लासापलीकडून दाजींची मिशी मोजता येत होती.

"चांगली नितळ हाय की," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा जीव आला. "उगंच भेव लावलं व्हतं मला."

भाचीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिनं बाटली उजेडात धरली. तळाशी फाटल्या दुधासारख्या गुठळ्या बसल्या होत्या. ती माझ्याकडं वाकून पुटपुटली, "मामा, ही माझी न्हाई."

मी घोट घेतला. जीभ आकसून टाळूला चिकटली. दाढी झाल्यावर न्हावी गालावर जे घासतो, ते कुणीतरी माझ्या घशावर घासलं होतं.

सगळे माझ्याकडं पाहत होते. छान आहे म्हणालो असतो तर पोरगी सुटली असती. दाजी खूश होते, ग्लास नितळ होता, एक शब्द पुरे होता, आणि असे शब्द मी आजवर पोत्यानं वाटलेत. पण तळहातावरचा भंडारा घामानं ओला होऊन राहिला होता.

"दाजी," मी म्हणालो, "ही मांजराला बी देऊ नका."

भाचीनं माझ्याकडं जसं पाहिलं तसं कुणी माझ्याकडं परत पाहू नये.

"पण हिच्यात तुरटी हाय," मी घाईनं म्हणालो. "पुण्याची न्हाई. हितली."

उंबऱ्यातून आवाज आला. "म्या फिरवली." बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "झाकण उघडून पाह्यलं तर टँकरच्या पाण्यावानी गढूळ. म्हणलं ह्यांच्या म्होरं अशी कशी ठेवावी. रांजणात फिरवते तशी खडा दोऱ्याला बांधून सोडला. नितळ झाली की, आन् मंग काय झालं?"

कुणी हसलं नाही. भाची डोळे मिटून उभी होती. दाजींनी विचारलं, "दुसरी हाय?"

 भाचीनं मला उघडं पाडलं नसतं. पण भंडारा माझ्या हातात होता.

"हाय. माझ्या डिक्कीत."

"परीक्षकाला आधीच पोचली व्हय?"

"झाकण शाबूत हाय, दाजी. माझ्या हातात येऊन सकाळपासून दुपारपर्यंत तगलेली ही पहिलीच बाटली."

ती आणली. गोणपाट अजून ओलं होतं. भाचीनं बाटली हलकेच आडवी फिरवली, "हे गढूळपण जईचं हाय, बाबा," म्हणाली आणि ओतली. हळद घातलेल्या आंबिलीसारखा रंग, वर पांढरा जाड फेस. पलीकडचं काही दिसेना. दाजी उठून उभे राहिले.

"दाजी, सकाळी आंबील प्यालात," मी म्हणालो, "ती काय आरशावानी व्हती?"

 दाजी परत खाली बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून तात्यांनी विचारलं, "आंबा कुणी कापला रे?"

घरात आंबा नव्हता. वास ग्लासातून येत होता. आंब्याचा, आणि त्याच्या मागोमाग संत्र्याच्या सालीचा. मी घोट घेतला. ती जिभेवरून साय सरकावी तशी सरकली. कडू होती, पण मेथीच्या कोवळ्या पानाइतकीच. मला दुसरा घोट घ्यावासा वाटला, आणि तो मी परीक्षेच्या नावाखाली घेतला.

"चांगली हाय," मी म्हणालो. "एक खोट हाय. गिळल्यावर जराशी जड रेंगाळते. उतरताना हलकी पायजे व्हती."

"घरच्या माणसाला द्यावी का?"

"द्यावी."

"मंग दे की," तात्या म्हणाले आणि हात पुढं केला. "मी काय शेजारचा हाय?"

"न्हाई, तात्या," दाजी म्हणाले. 

"डोळे तर गेले. आता आणिक काय नेणार हाय ती?"

मी ग्लास पुढं करेना. म्हातारा नव्वदीला टेकलेला. त्याला काही व्हायला बियरची गरज नव्हती, आणि झालंच तर बेलभंडार माझ्या हातात होता. अखेर दाजींनीच ग्लास घेतला, तात्यांची बोटं त्याच्याभोवती एकेक करून बसवली. तात्या प्याले. मिशीवरचा फेस चाटला. 

"जड हाय थोडी," ते म्हणाले. "काय घातलं म्हणलीस? जई? घोड्याची? कमी घाल."

दाजी लेकीकडं न बघता म्हणाले, "तात्या सकाळी उठल्यावर बोलू."

त्या रात्री मी इतक्या देवांना इतके नवस बोललो, की त्यातले काही देव मलाच नव्यानं कळले. दाजी बाजेशेजारी सतरंजी टाकून पडले. उजाडलं तेव्हा ते बसलेलेच होते, भाची बॅग भरून उंबऱ्यात, बहीण चुलीपाशी, मी बेसिनपाशी दात घासायचं विसरलेला.

ऊन अंगणात आलं. तात्यांनी कूस बदलली, उठून बसले, डोळे चोळले.

"काहून अंधारात बसलात?" ते म्हणाले. "दिवा लावा की."

दाजींचा हात बाजेच्या काठावर तसाच राहिला. बहिणीच्या हातून तवा पडला. मग तात्यांचं बोळकं हळूहळू उघडलं आणि अख्खा देह हसण्यानं गदगदायला लागला.

दाजींनी तोंड फिरवलं.  मग घसा खाकरून म्हणाले, "पाव्हणं, गाडी काढा. पोरीची बस चुकंल."

"म्हणजे मी जाऊ, बाबा?"

"हितं बसून जई कमी व्हणार हाय का?"