लाल पांड्याचं पोट

खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या गल्लीत बाबुरावांचं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक मशीन आणि बाबुराव. ठाण्यातल्या निम्म्या रिक्षांची सीट आपल्या हातची आहे, असं ते सांगतात. निम्म्या जरा जास्तच होतात, पण चाळीस वर्षं एका मशीनवर बसलेल्या माणसाला एवढी सूट द्यायला हरकत नाही. रेक्झिन, फोम, दाभण आणि दोरा, एवढ्यावर त्यांनी संसार केला आणि एकुलत्या एक लेकीला, स्वप्नाला, एमएस्सी केलं.

आणि ही पोरगी गेली सिक्कीमला. कशाला, तर लाल पांडे शोधायला! बाबुरावांना वाटलं होतं, नौपाड्यातल्या एखाद्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसेल, संध्याकाळी चालत घरी येईल. गिऱ्हाइकाने "जयभीम बाबुराव, पोरगी काय करते?" विचारलं, की ते "संशोधन" एवढंच म्हणत आणि रेक्झिन ताणायला घेत. तीन वर्षांत त्यांनी तिला तिच्या कामाबद्दल एक धड प्रश्न विचारला नव्हता. हळूहळू तिनेही सांगायचं सोडून दिलं. दोन वर्षांपूर्वी तिने "तिकडे या" म्हणून बापासाठी काळं लोकरी जाकीट पाठवलं होतं. ते कपाटात, घडीही न मोडता पडून होतं.

या खेपेला ती आठ दिवसांसाठी आली आणि म्हणाली, "पप्पा, मला एक पांडा शिवून द्याल? खऱ्याएवढा. तिकडच्या शाळेत दाखवायचाय. त्याच जंगलातली पोरं, पण बऱ्याच जणांनी तो पाहिलेलाच नाही. शुक्रवारी निघायचंय मला."

बाबुराव हरखले. पोरीने काहीतरी मागितलं होतं, आणि तेही त्यांना येणारं! टेप काढून त्यांनी मापं विचारायला सुरुवात केली, आणि मापांच्या निमित्ताने का होईना, तोंडातून प्रश्न निघू लागले.

"केवढा असतो?"

"मोठ्या मांजराएवढा. शेपूट झुपकेदार, पट्ट्यापट्ट्यांची. थंडीत तीच अंगावर ओढून झोपतो."

"आणि पाय? तळव्यालाही केस लावू?"

"बर्फात चालतो ना. आणि पप्पा, मनगटाजवळ अंगठ्यासारखं एक हाड असतं. त्याने बांबू धरून पाला खातो, दिवसभर."

बाबुरावांनी ते हाडसुद्धा शिवलं. पिल्लांना झाडाच्या ढोलीत आई एकटीच वाढवते, हे ऐकून भाजी निवडणारी स्वप्नाची आई, जाईबाई, म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही बाप कामावरच!" बाबुरावांनी नवऱ्याने करायचं तेच केलं, ऐकू न आल्यासारखं.

गुरुवारी दुपारी पांडा तयार झाला. तांबूस पाठ, पांढरे गाल, टोकदार कान. स्वप्नाने तो छातीशी धरला, मग उलटा केला आणि तिचा चेहरा उतरला. पोटाला मांजरपाटाचं पांढरंफटक, जाडंभरडं कापड होतं.

"पप्पा, पोट काळं असतं त्याचं."

"अगं, ती खालची बाजू. खालून कोण बघतंय?"

चाळीस वर्षांत त्यांनी सीटच्या खाली चांगलं कापड कधी लावलं नव्हतं. उरलंसुरलं मांजरपाट खाली, हा धंद्याचा रिवाजच.

"तो झाडावर असतो, पप्पा. आम्ही खाली. पहिलं पोटच दिसतं. पोरं पांढरं पोट शोधत बसली तर त्यांना तो सापडायचाच नाही." मग ती घाईने म्हणाली, "पण असू दे. चालेल. छान झालाय."

ते 'चालेल' बाबुरावांच्या जिव्हारी लागलं. सांगून उपयोग नाही, असं ठरवलेल्या माणसाचं ते चालेल होतं.

ते तडक घरी गेले आणि कपाटातलं जाकीट घेऊन आले. मागोमाग आलेल्या जाईबाई "अहो, नवं आहे!" म्हणेपर्यंत कात्री चाललीसुद्धा. मांजरपाट उसवून त्यांनी काळं पोट लावलं, पाय काळे केले. पाय स्वप्नाने सांगितले नव्हते. तिच्या फोनवरचा फोटो मागून घेऊन त्यांनी ते स्वतः पाहिले.

मग स्टूल घेऊन ते गल्लीतल्या बदामाच्या झाडावर पांडा बसवून आले, आणि खाली उभे राहून वर बघू लागले. दाट पानांच्या सावलीत काळं पोट कुठे मिसळून गेलं, कळेना.

"अगं, आत्ता तर ठेवला! दिसत नाही की गं!"

"तेच तर," स्वप्ना म्हणाली.

बराच वेळ ते मान वर करून शोधत राहिले. शेवटी शेपटीचा एक पट्टा दिसला, तेव्हा ते मोठ्याने हसले आणि मान चोळू लागले.

"रोज अशी उभी राहतेस?"

"कधी कधी आठ तास."

"आणि दिसलाच नाही तर?"

"दुसऱ्या दिवशी परत जायचं."

बाबुरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

"स्वप्ना, एक काम कर," ते म्हणाले. "मला दुसरं जाकीट पाठव. हे तर कापलं मी. मग तिकडे येताना घालू काय?"