कामिनीताईंचं थांबणं

मनीषनगरात भोयरांच्या घरी संध्याकाळी सात वाजता पाहुण्यानं जाऊ नये. गेलंच तर निमूट खुर्चीत बसावं आणि साडेसातपर्यंत चहाची आशा धरू नये. त्या अर्ध्या तासात टीव्हीवर 'अंकाक्षरी' चालू असते आणि नवराबायको सोफ्यावर शेजारी शेजारी बसून पडद्याशी झुंजत असतात. खेळ साधा आहे. एका फेरीत विस्कटलेली अक्षरं देतात, त्यांतून मोठ्यात मोठा शब्द जुळवायचा. दुसऱ्या फेरीत सहा आकडे देतात, प्रत्येक आकडा एकदाच वापरून, त्यांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून वर दिलेली संख्या गाठायची. ज्याचं आधी जमेल त्यानं बटण दाबायचं. भोयरांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. शब्द कामिनीताईंचे, आकडे मधुकररावांचे.

ही वाटणी कोणी केली असं विचारलं तर दोघंही सांगतील, आपोआप झाली. पण आपोआप झालेली गोष्ट जरा उसवून पाहिली की आत कोणाचा तरी टाका सापडतोच.

मधुकररावांची सगळी नोकरी सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत वजनकाट्यावर गेली. भरलेला ट्रक काट्यावर चढला की रिकाम्या गाडीचं वजन मनातल्या मनात वजा करून कोळसा किती ते यंत्राच्या आधी सांगायचे. साहेब लोक मुद्दाम पाहुण्यांना घेऊन यायचे, हा चमत्कार दाखवायला. निवृत्तीनंतर त्यांना लकव्याचा हलका झटका आला. माणूस त्यातून उठला, चालू लागला, बोलू लागला. फक्त पूर्वी हाक मारल्याबरोबर येणारे आकडे आता विचार करून, जिन्यावर दम खात यायला लागले. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. मुलगी सोनिकानं हा कार्यक्रम शोधून दिला.

पहिल्याच संध्याकाळी आकडे पडद्यावर आले आणि कामिनीताईंनी उत्तर सांगून टाकलं. कसलाही आव नव्हता, नुसता आनंद होता. मधुकरराव झोप येते म्हणून आत गेले आणि पुढं कितीतरी दिवस टीव्हीसमोर फिरकले नाहीत. पाठीवर हात फिरवून, लाडीगोडी लावून कामिनीताईंनी त्यांना परत आणून बसवलं, आणि तेव्हापासून त्या थांबायला लागल्या. उत्तर आलेलं असायचं, ओठ मिटलेले असायचे. शेजारी मधुकरराव पुटपुटत एकेक पायरी चढायचे. कधी मधे जाहिराती लागायच्या, तरी यांच्या तोंडाचं कुलूप निघायचं नाही. शेवटी त्यांचं जमलं की त्या म्हणायच्या, कसं काय जमते बाप्पा तुमाले! त्या रात्री मधुकरराव एक पोळी जास्त खायचे.

थांबणं त्यांना नव्यानं शिकावं लागलं नव्हतं. माहेरी वडील जेवताना थोरल्या भावाला, कवडूला, तोंडी हिशेब घालायचे. इतके मण कापूस, इतका भाव, सांग. एकदा डाळीतले खडे निवडता निवडता छोट्या कामिनीनं उत्तर दिलं, आणि वडिलांनी कवडूच्या कानाखाली वाजवली. "पोरीले येते अन् तुले येत नाही?" कवडूचा लाल कान आणि खाली घातलेली मान पाहून तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. आपलं उत्तर आधी आलं की मार दुसऱ्याला बसतो. वडिलांना वाटलं पोरगी पुन्हा मधे बोलली नाही, शहाणी झाली. बायकांच्या शहाणपणाची अशी कितीतरी प्रमाणपत्रं पुरुषांनी आपल्या हातानं लिहून वाटली आहेत.

'अंकाक्षरी'त भाग घ्यायला मधुकररावांनी स्वतःच बायकोचं नाव दिलं. शब्द तुझे पक्के आहेत, आकड्यांचं मी पाहतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. चाचणीचा फोन झाला, निवड झाली, आणि घरात शिकवणी सुरू झाली. पेपरच्या कोऱ्या कडांवर मधुकरराव आकडे मांडून द्यायचे आणि कामिनीताई ते चुकवायच्या. बरोबर सोडवण्यापेक्षा बरोबर चुकणं अवघड असतं. फार मोठी चूक केली तर गुरुजी निराश होणार, फारच लहान केली तर त्यांच्या लक्षात येणार नाही. तेव्हा एखादा भागाकार उलटा करायचा, डोकं खाजवायचं आणि त्यांच्याकडं पाहायचं. मधुकररावांचा चेहरा असा फुलायचा की कामिनीताईंना आपल्या लबाडीची लाज वाटण्याऐवजी कौतुकच वाटायचं. दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना मधुकररावांनी सांगून ठेवलं होतं की तयारी मी करून घेऊन राहिलो.

चित्रीकरणासाठी मुंबईला मात्र मधुकरराव गेले नाहीत. मी समोर बसलो तर तू माझ्याकडंच पाहत बसशील, म्हणाले. सोनिका आईबरोबर गेली. समोरच्या फ्लॅटमधल्या प्रयागबाईंनी मधुकररावांच्या जेवणाची जबाबदारी घेतली.

स्टुडिओत थंडी बोचत होती आणि दिव्यांनी डोळे दिपत होते. कामिनीताईंच्या शेजारच्या टेबलाशी दुर्गेश नावाचा तरुण होता, नुकताच नोकरीला लागलेला, घामानं डबडबलेला. शब्दांच्या फेऱ्यांत ताईंनी त्याला मागं टाकलं. मग त्यानं आकड्यांत थोडं भरून काढलं. शेवटची फेरी आकड्यांची होती, आणि ती जो जिंकेल तो पुढच्या आठवड्याच्या खेळात जाणार होता. गाठायचे होते सहाशे तेवीस. हाताशी पंचाहत्तर, पन्नास, आठ, सहा, तीन आणि दोन.

पंचाहत्तर आठे सहाशे. पन्नासाचे निम्मे पंचवीस, झाले सहाशे पंचवीस. सहाला तीननं भागलं की दोन, ते वजा. घड्याळाचा काटा हलायच्या आत कामिनीताईंचं झालं होतं. मग त्यांनी शेजारी पाहिलं. दुर्गेश ओठ चावत होता, पेन घट्ट धरून कागदावर काहीतरी खोडत होता. जमेल, जमेल, असं त्यांच्या मनात आलं. त्याची एक पायरी झाली, दुसरी झाली, त्याच्या कपाळावरची आठी सुटली, आणि त्यानं बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. कामिनीताईंनीही वाजवल्या, अगदी मनापासून. टाळ्या वाजवता वाजवताच त्यांच्या लक्षात आलं की आपण खेळायला आलो होतो.

जवळ पोचला होतात का ताई, असं सूत्रसंचालकानं आपुलकीनं विचारलं. नाही, आकड्यांत मी कच्ची आहे, असं त्यांनी सांगितलं.

हरल्याचं दुःख त्यांना फारसं झालं नाही. आत खोलीत येऊन पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला तो वेगळ्याच कारणानं. आपण घरी थांबतो ते आपल्या मर्जीनं, प्रेमानं, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. दिलेली वस्तू वाटेल तेव्हा परत घेता येते तसं. इथं तर कोणाचा मान सांभाळायचा नव्हता. तो मुलगा नात्याचा ना गोत्याचा, तरी हात मांडीवरून उठला नाही. आणि कॅमेऱ्यानं ते सगळं टिपलं होतं. टीव्हीवर ते दिसणार होतं, आणि मधुकररावांना आकडे उशिरा येत असतील, पण माणूस खुळा नव्हता.

घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की शेवटी आकड्यांत गडबडले. मधुकरराव म्हणाले की चूक माझीच, भागाकार मी नीट करून घेतला नाही. प्रयागबाईंजवळही त्यांनी कबुली दिली की मास्तरच कच्चा निघाला. कामिनीताई एक वाक्य बोलल्या असत्या तर मधुकररावांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, पण त्याच वाक्यानं त्याहून जड ओझं चढलं असतं. म्हणून त्या मूग गिळून बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण ती मूठ टीव्हीवर उघडणार असेल तर काय करायचं, हे कोणत्या म्हणीत सांगितलेलं नाही. कार्यक्रम दाखवणार त्या दिवशी सावनेरला कवडूकडं जाऊन येऊ, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. मधुकररावांनी ऐकलं नाही. हरली तर हरली, माझी बायको टीव्हीवर दिसणार आणि मी पाहायचं नाही का, असा त्यांचा सवाल होता.

त्या संध्याकाळी सोनिका आली, प्रयागबाई आल्या. शब्दांच्या फेऱ्या झाल्या, प्रत्येक शब्दाला कौतुक झालं. मग ते सहा आकडे पडद्यावर आले, आणि मधुकररावांना राहवलं नाही. ते पुढं सरकून मोठ्यानं मोजायला लागले. पंचाहत्तर आठे सहाशे. आता तेवीस पाहिजेत. पन्नासातून काय निघते पाहू.

पडद्यावर कामिनीताईंचा चेहरा मोठा होऊन आला. डोळे आकड्यांवरून एकदा फिरले आणि थांबले. ओठ मिटले. मग मान वळली, आणि त्या शेजारच्या मुलाकडं पाहू लागल्या, स्वतःचं जेवण आटोपलेल्या बाईनं पानावरच्या पाहुण्याकडं पाहावं तसं, न घाई करता. मधुकररावांचं मोजणं मधेच बंद पडलं. सोफ्यावर शेजारी शेजारी बसून इतक्या संध्याकाळी गेल्या, पण बायकोचा हा चेहरा त्यांनी समोरून कधी पाहिला नव्हता. त्यांनी वळून शेजारी पाहिलं. कामिनीताई टीव्हीकडं पाहत नव्हत्या, त्यांच्याकडं पाहत होत्या. पडद्यावरचा चेहरा आणि हा चेहरा एकच होता.

दुर्गेशनं बटण दाबलं, टाळ्या झाल्या. प्रयागबाईंना वाटलं, हरल्याचं दुःख ताजं झालं असेल, म्हणून त्या लवकर उठल्या. सोनिकानं आईबाबांकडं एकदा पाहिलं आणि तीही निघाली.

"कितीक दिवसापासून?" मधुकररावांनी विचारलं.

"तुमचं दुखणं झाल्यापासून."

"अन् मी शिकवत होतो तेव्हा?"

"तेव्हा मले खूप बरं वाटे," कामिनीताई म्हणाल्या. ते खरंच होतं.

मधुकररावांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळली. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवण्याची कला त्यांना कधीच येत नव्हती.

"माह्यासाठी थांबली, ते मले समजते. राग येते, पण समजते. त्या पोराले काहून सोडलं वं? तो तुहा कोण लागे?"

"कोणीच नाही." कामिनीताई म्हणाल्या. "उत्तर आलं होतं मले. हातच उठला नाही. मी काही ठरवून थांबली नव्हती हो. मले आता थांबल्याशिवाय राहताच येत नाही."

आणि त्या रडल्या. मग कवडूच्या लाल कानाची गोष्ट त्यांनी नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदा सांगितली. मधुकररावांनी ती सगळी ऐकली. जेवताना दोघांनीही कमीच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता टीव्ही मधुकररावांनीच लावला. कामिनीताई शेजारी येऊन बसल्या, पण अंग चोरून. शब्दांची फेरी कशीबशी गेली. आकडे आले. त्यांचं उत्तर आलं आणि ओठ आपले आपण मिटले.

पडद्यावरची नजर न काढता मधुकरराव म्हणाले, "आलं असन तर सांग."

कामिनीताईंनी सांगितलं. इतक्या हळू, की चोरी कबूल केल्यासारखं. मधुकरराव तेव्हा अजून दुसऱ्या पायरीवरच होते. त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा पाहून ताईंना वाटलं, कशाला बोललो आपण. पण ते उठून आत गेले नाहीत.

"माहं होऊ दे अजून," म्हणाले, आणि पुढं मोजायला लागले. टीव्हीवर पुढची फेरी सुरू झाली तरी त्यांचे मागचेच आकडे चालले होते.

नेहमीच्या सवयीनं कामिनीताई त्यांच्याकडं पाहत थांबणार होत्या. त्याऐवजी त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि भाताला तांदूळ धुवायला घेतले. एवढी सोपी गोष्ट करायला त्यांना फार जड गेलं. बाहेरून पुटपुटणं ऐकू येत होतं. तांदूळ धुऊन झाले, कुकर चढला, तेव्हा मधुकररावांनी आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की जमलं, मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो, आणि सगळ्या पायऱ्या मोठ्यानं म्हणून दाखवल्या.

कामिनीताईंनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. कसं काय जमते बाप्पा, हे जिभेवर आलंही होतं.

"आठ दोनदा घेतला तुम्ही," त्या आतूनच म्हणाल्या.

बाहेरून त्याच पायऱ्या पुन्हा पुटपुटल्याचा आवाज आला. मग मधुकरराव म्हणाले, "हो वं, दोनदाच झाला," आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.