अंगठा एक, गोळ्या देणारे तीन

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणी वाचणार नाही, तरी लाज वाटते.

आमच्या ह्यांना मी औषधाने मारणार होते. (एकटी नाही, पण ते पुढे.)

ह्यांच्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, गाऊट. गोळी देऊन बजावलं, "सकाळी एक, रात्री एक. जास्त बिल्कुल नाही. जुलाब झाले तर गोळी बंद आणि लगेच इकडे."

हे विसरभोळे. म्हणून दोन्ही वेळा मीच गोळी हातावर ठेवायची. तेव्हा सासूबाईंचा आणि माझा अबोला होता (त्यांच्या लोणच्यात मी मीठ वाढवलं होतं), त्यामुळे त्याही दुधाबरोबर गोळी देतात हे मला कळणार कसं? पाकीट भराभर संपायला लागलं, तेव्हा मी मनातल्या मनात केमिस्टला शिव्या दिल्या.

मग जुलाब लागले. मी दोष दिला शेजारून आलेल्या राजम्याच्या भाजीला. दहीभात दिला आणि वर गोळी! दुपारी हे बाथरूमच्या दारातच कोसळले. शेजारचे चोप्राजी गाडीतून घेऊन गेले, दवाखान्यात पैसेही त्यांनीच भरले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "दिन में कितनी गोली?"

"दो," मी पदराआडून म्हणाले.

"दो तो मैंने दी," सासूबाई म्हणाल्या.

हे खाटेवरून पुटपुटले, "दो मैं भी लेता था. मोबाइल में अलार्म है."

"अहो, मग बोलायचं ना!"

"तुला नको म्हटलं तर तू रुसणार, आईला म्हटलं तर आई. म्हणून गिळल्या."

डॉक्टरीणबाई घाबरल्याच. "और कोई देता है?"

आम्ही सगळे चोप्राजींकडे बघायला लागलो. त्यांनी दोन्ही हात वर केले, "मैंने सिर्फ गाड़ी दी है."

सलाइन लागलं, रक्त तपासलं. किडनी वाचली असं कळलं, तेव्हा सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "मीठ बरोबर होतं ग."

पगार झाल्यावर मी पैसे द्यायला गेले. चोप्राजी स्टुलावर पाय ठेवून बसलेले, अंगठा लालभडक.

"भाभीजी, भाईसाहब वाली गोली बची हो तो एक दे दीजिए."

"गोली नहीं दूँगी. डॉक्टर के पास जाइए." परक्या पुरुषाशी एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पैसे मात्र तिथेच मोजून दिले, पूर्ण फिटले. मोजायला चौथीत पक्कं शिकले होते. गोळ्याच तेवढ्या मोजल्या नाहीत.