रातांबे फोडताना वाचलेली दोन पुस्तकं

मे महिन्यात आमच्या घरापुढच्या खळ्यात शेजारच्या बायका रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला जमतात. हात लालभडक, चिकट होतात. म्हणून एकीने कोरड्या हातांनी पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत आमसुलांची तयारी करायची, ही आमची रीत. वाचायचं काम माझं. यंदा मी मोठा पुरस्कार मिळालेली कादंबरी काढली, तर दुसऱ्याच दिवशी जांभया सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "यापरीस मोबाइलवर मालिका लाव." वर्षभर मी या दिवसांची वाट बघते, आणि ते मालिकेच्या घशात जाणार होते.

तेवढ्यात धाकटी जाऊ मोबाइल नाचवत आली. सासूबाईंच्या आवडत्या मालिकेतली नटी एक गुलाबी पुस्तक छातीशी धरून सांगत होती, मी ढसाढसा रडले, तुम्हीही वाचा. मी नाक मुरडलं. नटीने सांगावं आणि आम्ही वाचावं? पण जावेने ते रत्नागिरीहून मागवलंसुद्धा.

आणि काय सांगू, पहिल्याच प्रकरणात नायिका भर मांडवातून उठून गेली आणि बायकांचे रातांबे हातातच राहिले. मी खाष्ट सासूचा आवाज काढला, भित्र्या नवऱ्याचा काढला, गुंडाचाही काढला. भाषा सुमार होती, योगायोग ढीगभर होते, पण घसा बसला तरी मला थांबवेना. शेवटी सगळ्यांनी कोपरांनी डोळे पुसले.

टोपल्या अजून बाकी होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आता तुझा ता बक्षिसाचा पुस्तक काढ गो."

"त्याने तुम्हाला झोप येते ना?"

"पुस्तकान नाय, तुझ्या वाचण्यान. शोकसभेत उभी असल्यासारखा वाचत होतीस. आता वाचलास तसा वाच."

मला रागच आला. त्या रागातच पहिलं पान उघडलं आणि त्यातल्या म्हाताऱ्याला मुद्दाम आमच्या खेकसणाऱ्या चुलतसासऱ्यांचा आवाज दिला. पान संपायच्या आत बायका हसून लोळायच्या बेतात होत्या. "थांब गो, ता परत वाच," शेजारीण म्हणाली. मला मात्र हसू आवरून वाचता येईना.

ती कादंबरी मी आधी दोनदा वाचली होती, तिची परीक्षणंही वाचली होती. ती विनोदी आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.